आण्णांचं बिनवायरचं ड्रिल

माझ्या वडिलांचं उजवं मनगट मोडलं ते मी त्यांना दिलेल्या भेटीमुळं, आणि ती भेट मी त्यांचा खांदा दुखू नये म्हणून दिली होती.

वडील म्हणजे आमचे आण्णा. बारामतीजवळ कन्हेरीला आमचं घर, घरापुढं पत्र्याची पडवी आणि त्या पडवीत रंधा, करवत, पटाश्या मांडून बसलेले आण्णा. आमच्या घराण्यात त्यांच्याआधी कुणी सुतारकाम केलं नव्हतं. माळेगावच्या कारखान्यावर ऊस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता, त्याच्या हाताखाली आण्णा तरुणपणी राहिले आणि तिथंच शिकले. पुढं चौकटी नि दारं करू लागले. आण्णांनी केलेलं दार कुरकुरत नाही, असं आजूबाजूच्या चार गावांत म्हणायचे. (आमच्या घरात दाराच्या वाटणीचं आई कुरकुरायची.)

लग्न होईपर्यंतची बावीस वर्षं मी त्या भुशात काढली. केसात भुसा, वहीत भुसा, चहात भुसा. पण एवढ्या वर्षांत हत्यारांबद्दल मला एकच गोष्ट कळली होती, ती म्हणजे कशाला हात लावायचा नाही. डी.एड. झाले, इंदापूर तालुक्यात वरकुट्याच्या शाळेवर नेमणूक झाली, इंदापुरातच लग्न झालं. आमचे हे, म्हणजे दिलीप, एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. दिवसभर प्रत्येक कागदावर शेरे पाहून त्यांना सवय लागली होती. जगातल्या कुठल्याही वस्तूवर आपला शेरा हवाच, असं त्यांना वाटायचं.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा आण्णा गिरमिट फिरवत बसले होते. गिरमिट म्हणजे टोकाला पीळ असलेली लोखंडी सळई आणि वर आडवी लाकडी मूठ. ती दोन्ही हातांनी दाबून फिरवायची, की लाकडाला भोक पडतं. आण्णा चार वेढे द्यायचे, थांबायचे, उजवा खांदा चोळायचे, पुन्हा चार वेढे.

"दुखतंय का आण्णा?"

"न्हाय. ह्ये आपलं थांबायचं म्हून थांबतोय."

माझ्या जिवाला ते लागून राहिलं. मी इंदापूरला परत आले आणि आठवड्याभरात आमचे हे कचेरीतून उड्या मारतच घरी आले. साहेबांच्या केबिनला पडदे बसवायला पुण्याहून माणूस आला होता आणि त्याच्याकडं बिनवायरचं ड्रिल होतं.

"वायर नाही, काही नाही. बटण दाबलं की घर्र, भिंतीत भोक. पुन्हा घर्र, दुसरं भोक." त्यांनी मला ते झाऱ्यानं भिंतीवर करून दाखवलं. झाऱ्याला वरणाचं पाणी होतं. भिंतीवर त्याची खूण आम्ही घर सोडेपर्यंत होती.

मला तिथल्या तिथं आण्णांचा खांदा आठवला. शिक्षकांना त्याच सुमारास वेतनाचा फरक मिळाला होता. मी म्हणाले, "आपण आण्णांना हे देऊ."

"त्यांना विचारायचं का एकदा?" हे म्हणाले. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा एक शेरा बरोबर होता.

मी म्हणाले, "विचारून दिली तर ती भेट कसली?"

हे वाक्य मला आजही परत घेता आलं तर हवं आहे.

रविवारी आम्ही पुण्याला गेलो. रविवार पेठेत हत्यारांच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या एका दुकानात चष्म्याच्या वरून बघणारे मालक बसले होते.

"काय काम करणार आहात?" त्यांनी विचारलं.

"मी नाही, सासरे करणार," हे म्हणाले. "सुतार आहेत."

"कुठल्या लाकडात?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"चांगल्या," मी म्हणाले.

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग दोन खोकी पुढं ठेवली. एकात लहान यंत्र, मुठीत मावेल एवढं. दुसऱ्यात मोठं, खाली विटेएवढी बॅटरी.

"हे लहान आहे ते स्क्रू पिळायला, बारीकसारीक भोकांना. हलकं आहे, आणि अडकलं तर गपकन थांबतं. हे दुसरं ताकदीचं. पण ह्याची सवय लागते हं. तुम्ही एकदा त्यांनाच घेऊन का येत नाही?"

"त्यांना चकित करायचंय," मी म्हणाले.

"मोठं यंत्र त्याबाबतीत कमी पडायचं नाही," मालक म्हणाले.

मला ते लहान यंत्र खेळण्यातलं वाटलं. चाळीस वर्षं चौकटी नि दारं घडवणाऱ्या माणसाच्या हातात खेळणं द्यायचं? आमच्या ह्यांनी दोन्ही खोकी हातात तोलून पाहिली आणि वजनदार ते चांगलं, असा निकाल दिला. कलिंगडाच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम होता. मालकांनी मग एक आडवा दांडा काढला. यंत्राच्या मानेला तो बसवायचा आणि डाव्या हातानं धरायचा. वेगळा घ्यावा लागायचा.

"हा घ्याच," मालक म्हणाले.

"दांडा कशाला?" हे म्हणाले. "वायर नको म्हणून एवढं केलं आणि आता दांडा लावायचा? सगळा सुटसुटीतपणा गेला."

मी मान डोलावली. दांडा पुण्यातच राहिला.

यंत्राबरोबर एक पुस्तिका होती, इंग्रजीत. तिच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की पहिल्यांदा बॅटरी सोळा तास चार्ज करा. आमच्या ह्यांनी ते पहिलं पान नीट वाचलं आणि पुढची पानं आण्णांना लागतील म्हणून जपून ठेवली. (आण्णा चौथी शिकलेले, मराठीतून.) आता सोळा तास सलग वीज इंदापुरात कुठून आणायची? वीज गेली की हे कागदावर वेळ लिहायचे, आली की पुन्हा लिहायचे. मधून मधून बॅटरीवर तळवा ठेवून मला म्हणायचे, "बघ गं, जास्त गरम लागतंय का." शेजारच्या वहिनींनी ते खिडकीतून ऐकलं आणि आमच्याकडं कोण आजारी आहे म्हणून वाटीभर पेज घेऊन आल्या.

तिकडं कन्हेरीला आण्णांच्या पडवीत बिरू आबांची चौकट चालू होती. बिरू आबा म्हणजे आमच्या गावातले वयस्कर गृहस्थ. सगळी उमर मेंढरांमागं गेलेली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पाऊसपाण्याला परत. आता मुलं शेती करत होती, मेंढरं विकली होती आणि आबांनी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या घराला खरंखुरं दार लागणार होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या बांधावरची जुनी बाभूळ तोडून दिली होती. वास्तुशांतीचा दिवस ठरला होता, बारा दिवसांवर. आमच्या घरी मुहूर्त कुणी बघत नाही. आण्णा म्हणायचे, आपला मुहूर्त म्हंजी आपण दिल्याला शबूद. तो त्यांनी तोवर कधी मोडला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आई शेतात खुरपायला गेली होती. आण्णा एकटेच पडवीत. चौकट जोडून झाली होती. सांध्यांतून लाकडी खुंट्या ठोकायच्या होत्या आणि त्यासाठी भोकं पाडायची बाकी होती. मी खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काय गं सुमे ह्ये?"

"उघडा तर."

आण्णांनी आधी टॉवेलनं हात पुसले. मग खोकं उघडलं, यंत्र बाहेर काढलं, खालून वरून पाहिलं.

"वायर इसरली का दुकानात?"

"वायर नसतेच ह्याला. बॅटरीवर चालतं."

"म्हंजी टॉर्चवानी."

"व्हय."

ते हसले. मला ते हसू फार आवडलं. मग त्यांनी यंत्र परत खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, "लई भारी हाय. सवडीनं बघीन. आधी आबाचं काम हुंदे."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुण्याहून आणलेलं, सोळा तास जपलेलं, पदराखाली धरून एसटीतून आणलेलं ते यंत्र सवडीनं बघायचं म्हणजे काय? मी लहान पोरीसारखी हट्टाला पेटले. "आण्णा, माझ्यासमोर एकदा चालवा ना. एकच भोक. आम्ही दुपारच्या गाडीनं जाणार."

आण्णांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यापुरतं म्हणायला हवं होतं.

त्यांनी यंत्रात भोकाचा जाड पीळ बसवला. यंत्राच्या तोंडाशी एक कडं होतं, त्यावर आकडे. "जावईबापू, ह्ये आकडं कशाचं?"

"वेग असणार आण्णा," हे म्हणाले. "शेवटपर्यंत फिरवा."

(ते कडं वेगाचं नसतं. पीळ लाकडात अडकला तर यंत्रानं कधी सोडून द्यायचं, ते त्या कड्यावर ठरतं. शेवटपर्यंत फिरवलं की यंत्र सोडत नाही. हे पुस्तिकेच्या सातव्या पानावर होतं.)

आण्णांनी बटण दाबलं. पहिलं इंचभर तर लोण्यात सुरी जावी तसं गेलं. भुशाची वेटोळी उडाली. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, आणि साठीच्या माणसाच्या तोंडावर जत्रेतल्या पोराचं हसू आलं. मी आमच्या ह्यांना कोपरानं ढोसलं. बघा, कशी निवडली भेट.

मग बाभळीची गाठ लागली. पीळ जागच्या जागी थांबला. यंत्राला मात्र फिरायचंच होतं. पीळ फिरेना म्हटल्यावर ते स्वतःच फिरलं, आण्णांचा हात घेऊन.

काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. आण्णा ओरडले नाहीत. मनगट डाव्या हातात धरून सावकाश खाली बसले. यंत्र चौकटीत अडकून तसंच लोंबत राहिलं.

"आण्णा, लागलं?"

"न्हाय," ते म्हणाले. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. "वाईच पाणी दे."

वडापच्या जीपमधून आम्ही त्यांना बारामतीला घेऊन निघालो. हे पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागं. गाव मागं पडल्यावर आण्णा माझ्या कानाशी आले.

"मशीनचं कुणाला बोलायचं न्हाय. लेकीनं एवढ्या हौसंनं आणलं, लोकं तुलाच नावं ठेवत्याल. शेळीनं हिसडा दिला म्हणायचं."

मला रडूच आलं. त्या रडण्यात पुढं बसलेल्या माणसाला ही शेळी कळवायची राहून गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आण्णा म्हणाले, "शेळीनं हिसडा दिला." आणि त्याच क्षणी आमचे हे सासऱ्यांची अब्रू राखायला पुढं सरसावले, "सायकलवरून पडले."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "शेळी सायकलवर होती का?"

हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. आम्ही घरी आलो तेव्हा आई शेतातून आली होती आणि परसात बायका जमल्या होत्या. आईला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं, पण बायकोला नवऱ्याचं काही माहीत नाही असं दिसायला नको, म्हणून तिनं त्यांना आपल्या मनानं सांगून टाकलं होतं की मोरीत पाय घसरला. तिन्हीसांजेपर्यंत कन्हेरीत आण्णा तीन ठिकाणी पडले होते.

हे इंदापूरला परत गेले. मी रजा टाकून राहिले. लोंबणारं यंत्र काढायला कुणालाच जमलं नाही, म्हणून आण्णांनी त्यावर गोणपाट टाकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बिरू आबा आले. काठी भिंतीला टेकवली, बसले, प्लॅस्टरकडं पाहिलं.

"कसं झालं म्हनायचं, मिस्त्री?"

"शेळीनं हिसडा दिला, आबा."

"कंच्या शेळीनं?"

आण्णांनी दावणीकडं बोट केलं. आमची एकुलती एक शेळी तिथं रवंथ करत बसली होती. आबा उठले. जन्म मेंढरा-शेळ्यांत गेलेला माणूस. त्यांनी तिचे दात बघितले, पोट चाचपलं, मान हलवून पाहिली आणि परत येऊन बसले.

"म्हातारी हाय. पोटात दोन करडं हायती. उठून उभी ऱ्हायला तिला चार डाव इचार करावा लागतोय. हिनं हिसडा दिला?"

आण्णा शेळीकडं बघायला लागले.

"आन् तुजी सरूबाई म्हनतीया मोरीत घसरलं. जीपवाला म्हनतोय सायकल." आबा माझ्याकडं वळले. "पोरी, तू मास्तरीण हायीस. तू सांग."

मी उठले आणि चौकटीवरचं गोणपाट उचललं. "हे मी आणलं, आबा. आण्णा नको म्हणत होते. मीच आग्रह केला."

आबांनी त्या लोंबणाऱ्या यंत्राकडं बराच वेळ पाहिलं. त्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "मला दाराचं काय न्हाय. चाळीस वरसं माळावर झोपल्यालो मानूस मी. पर घरच्या म्हातारीचा जीव अडकलाय दारात. तिनं पावण्यांस्नी सांगितलंय." आणि काठी घेऊन गेले.

ते गेल्यावर आण्णा म्हणाले, "कशाला सांगितलंस?"

"खोटं कसं बोलू, आण्णा?"

"म्या बोललोच की तुझ्यासाठी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकदा माझ्यासाठी खोटं बोलायचा प्रयत्न केला होता आणि मी तेवढंही त्यांना धड करू दिलं नाही.

दुपारी ते उठले, धुतलेला सदरा मागितला. एक बाही प्लॅस्टरवरून जाईना, तेव्हा मी ती कात्रीनं उसवली. "चल," म्हणाले. "माळेगावला जाऊ."

माळेगावला रामभाऊ मिस्त्री राहायचे. आण्णा आणि ते एकाच गुरूचे चेले, आणि गेली दहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आण्णांनी बसवलेलं एक दार बघून रामभाऊ एकदा चारचौघांत म्हणाले होते, "वाईच डावीकडं गेलंय." तेवढ्यावरून. आण्णांना मी आयुष्यात कुणाच्या दारात मदत मागायला जाताना पाहिलं नव्हतं. एसटीत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मी माझ्या चपलांकडं.

रामभाऊ अंगणात खाटेचा पाय ठोकत होते. त्यांनी वर पाहिलं.

"रामा," आण्णा म्हणाले, "माझा हात मोडलाय."

"दिसतंय."

"आबाची चौकट ऱ्हायलीया."

"कदी पायजे?"

"धा दिसांनी. दार बी हाय."

रामभाऊंनी खाटेचा पाय खाली ठेवला आणि आत जाऊन पिशवी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं चहा टाकला होता. तो पिऊन आम्ही तिघं त्याच एसटीनं परत निघालो. दहा वर्षांचं भांडण मिटायला एवढीच वाक्यं लागली. त्यासाठी माझ्या बापाचं मनगट लागावं, याचं मला वाईट वाटत राहिलं.

पडवीत आल्यावर रामभाऊ थबकले. "ह्ये काय लोंबतंय?"

"ड्रिल हाय. लेकीनं आणलं," आण्णा म्हणाले. "लई भारी हाय. माझीच चूक झाली. गाठ बघितली न्हाय म्या."

रामभाऊंनी पान्यानं पीळ पकडून उलटा फिरवला, यंत्र सोडवलं आणि पुसून खोक्यात ठेवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, मला काय देऊ नगंस."

पुढचे आठ दिवस रामभाऊ रोज सकाळी यायचे. गिरमिट ते फिरवायचे, लाकूड आण्णा डाव्या हातानं नि पायानं दाबून धरायचे. गाठ आली की आण्णा नुसतं "हं" म्हणायचे आणि रामभाऊंचा हात आपोआप थांबायचा. मी एकदा मदतीला गेले तर दोघांनी मिळून मला चहा करायला पाठवलं. दिवसाला सहा वेळा पाठवलं. माझा उपयोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दार लागलं. रामभाऊंनी मागं सरून, डोळा बारीक करून पाहिलं. आण्णांनीही पाहिलं. कुणीच काही बोललं नाही, म्हणजे ते सरळ होतं. आबांच्या म्हातारीनं ते उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. पाहुणे आले तरी तिचं चालूच होतं. आबा मात्र जेवणं झाल्यावर बाहेर लिंबाखाली बाज टाकून आडवे झाले. कुणीतरी विचारलं, आबा, घरात का नाही? तर म्हणाले, "दार लावलं की कोन आलं त्ये दिसत न्हाय."

सगळे हसले. आण्णाही हसले. मी हसले नाही, कारण मला वाटत होतं की आता सगळं निभावलं, आणि सगळं निभावलेलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. हाड जुळलं, पण मनगट पुरतं वळेना. घास घेता यायचा, रंधा ढकलता यायचा. पीळ मात्र देता यायचा नाही. चावी फिरवायची तरी डाव्या हातानं. आण्णांनी एक दिवस गिरमिट हातात घेतलं, एक वेढा दिला, दुसरा अर्धा राहिला. त्यांनी ते खुंटीला लावलं आणि रंधा घेतला. मी उंबऱ्यात उभी होते. मी बघत होते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी मी जवळ जाऊन बसले. "आण्णा, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

"इचारलं असतंस तर म्या नगं म्हणलं असतं."

"तेच म्हणते. मग काहीच झालं नसतं."

त्यांनी रंध्यातला भुसा झटकला. "तसं न्हाय सुमे. तू एवढ्या लांबनं माझ्यासाठनं कायतरी आणलंस, त्ये मला बरं वाटलं. त्ये बी झालं नसतं." मग हळूच म्हणाले, "खांदा तेवढा ऱ्हायला बघ दुखायचा."

राहणारच. गिरमिटच फिरवता येत नव्हतं, खांदा कशानं दुखणार? अशी ही माझी भेट. जे दुखणं थांबवायला आणली ते तिनं थांबवलं, पण कारागिराला अर्धा करून. वर आणखी तिनं स्वतःची गरज स्वतःच तयार केली. आता आण्णांना भोकं पाडायला यंत्राशिवाय इलाज नव्हता. पुण्याचं ते यंत्र मी पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवायला धजले नाही. ते खोक्यातच पडून राहिलं आणि बॅटरी कधीतरी आपोआप मेली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आण्णाच म्हणाले, "बारामतीला जाऊ. एक ड्रिल घ्यायचंय." ह्या वेळी मी आमच्या ह्यांना इंदापुरातच ठेवलं. दुकानात आण्णांनी तीन यंत्रं मागितली, डाव्या हातात धरून पाहिली, बाभळीला चालंल का विचारलं, अडकलं तर काय करायचं विचारलं, आडव्या दांड्यासकट एक लहानसं साधं ड्रिल बाजूला काढलं. सगळं मिळून पाच मिनिटं. मी मागं मुकाट उभी होते. पण बापाला आपलीही काही काळजी आहे हे दिसायला नको का? म्हणून मी यंत्राकडं बोट करून विचारलं, "ह्याचं चार्जिंग किती वेळ टिकतं?"

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मग यंत्राच्या शेपटाकडं पाहिलं. तिथून आठ फूट काळी वायर निघून काउंटरवरून खाली लोंबत होती.

"ताई," तो अगदी अदबीनं म्हणाला, "आपण काय करता?"

मी काही बोलायच्या आत आण्णांनी छाती पुढं काढली. "मास्तरीण हाय वरकुट्याला. समदं शिकवती पोरांस्नी. कार्यानुभव बी तिच्याकडंच हाय."